बोनेटवाल्या ट्रकांच्या शोधात : एका छंदाची पार्श्वभूमी

जुन्या अवजड ट्रकांची आवड असलेला माणूस परदेशात गेला की बंदराच्या फाटकापाशी, खडीच्या खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर किंवा घाऊक बाजाराच्या मागच्या गल्लीत हमखास रेंगाळतो. या रेंगाळण्यामागे एक साधे कारण आहे. मोटारगाडी मालकाच्या हौसेपोटी टिकू शकते, पण ट्रक विकत घेतला जातो तो कमाईसाठी, आणि दुरुस्तीचा खर्च कमाईच्या पुढे गेला की तो लोखंडाच्या भावाने भंगारात जातो. म्हणूनच पन्नास-साठ वर्षांचा ट्रक आज प्रामुख्याने दोन प्रकारच्या ठिकाणी दिसतो : जिथे हौशी लोकांनी एकत्र येऊन तो जपला तिथे, आणि जिथे पर्याय नसल्यामुळे तो कामावरून निवृत्तच झाला नाही तिथे. या दुसऱ्या प्रकारची ठिकाणे ट्रकच्या जन्मभूमीपासून बहुतेक वेळा हजारो मैल दूर आहेत, आणि तिथवर तो कसा पोहोचला याचा इतिहास महायुद्ध, जकात, कारखानदारी आणि रस्त्यांविषयीचे कायदे यांच्याशी जोडलेला आहे.

जपणुकीची संघटित सुरुवात ब्रिटनमध्ये झाली, आणि त्या देशात ट्रकांचे पहिले मोठे स्थित्यंतर एका करामुळे घडले. रस्ते आणि रेल्वे वाहतुकीविषयीच्या १९३२ च्या साल्टर अहवालानंतर १९३३ मध्ये मालवाहू गाड्यांवरील कराची फेररचना झाली आणि रिकाम्या गाडीच्या वजनावर चढत्या दराने कर बसू लागला. बॉयलर, पाणी आणि कोळसा वाहणाऱ्या वाफेच्या गाड्या मुळातच जड असल्याने त्या काही वर्षांतच रस्त्यावरून हटल्या. चेशरमधील सँडबाच येथील फोडेन हे घराणे वाफेच्या गाड्यांसाठी नावाजलेले होते. भविष्य डिझेलचे आहे असे ठामपणे मानणाऱ्या एडविन रिचर्ड फोडेन यांचे कंपनीशी पटेना, म्हणून त्यांनी बाहेर पडून १९३३ मध्ये ‘ईआरएफ’ ही कंपनी उभी केली. त्यांच्या पहिल्या ट्रकमध्ये गार्डनर कंपनीचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन होते. याच मालिकेतील सहा सिलिंडरचे, ८.४ लिटरचे ‘६ एलडब्ल्यू’ इंजिन जेमतेम १०२ अश्वशक्तीचे होते, तरी ब्रिटिश मालवाहतुकीत त्याला जो मान मिळाला तो त्याहून कितीतरी ताकदवान इंजिनांनाही मिळाला नाही. ते अतिशय कमी डिझेल पीत असे, संथ फिरत असे आणि योग्य निगा राखल्यास प्रदीर्घ काळ चालत असे. आजही एखाद्या मेळाव्यात गार्डनरचा तो एकसारखा, धिमा ठोका ऐकू आला की जाणकार मंडळी गाडी दिसण्याआधीच तिचे इंजिन ओळखतात.

१९५७ पर्यंत ब्रिटनमध्ये अवजड ट्रकांना ताशी २० मैलांपेक्षा जास्त वेगाने जाण्यास कायद्याने मनाई होती, आणि त्या वर्षी ती मर्यादा ३० मैलांवर नेण्यात आली. इतक्या मंद गतीने जाणाऱ्या वाहनांवरची मालकांची रंगवलेली नावे, गावांची नावे आणि कंपन्यांची बोधचिन्हे रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या शाळकरी मुलांना सहज वाचता येत असत. ट्रक टिपण्याचा छंद याच संथ काळात रुजला असे माझे मत आहे. १९५८ मध्ये जुन्या व्यावसायिक वाहनांच्या जपणुकीसाठी तिथे एक क्लब स्थापन झाला, त्यातूनच पुढे ‘हिस्टॉरिक कमर्शिअल व्हेइकल सोसायटी’ आकाराला आली, आणि १९६२ पासून दर वर्षी मे महिन्यात लंडन ते ब्रायटन अशी जुन्या ट्रक-बसगाड्यांची फेरी सुरू झाली. नंतरच्या दोन कायद्यांनी या चळवळीला नकळत बळ दिले. १९६४ च्या नियमांमुळे पुढचा ओढणारा ट्रक (‘ट्रॅक्टर’) आणि मागचा ट्रेलर अशी जोडगाडी अधिक फायदेशीर ठरून आठ चाकी एकसंध ट्रक मागे पडले, तर १९६८ च्या सुमारास कायद्याने वार्षिक तपासणी सक्तीची झाल्याने मोडकळीला आलेल्या हजारो गाड्या एकदम भंगारात निघाल्या. एईसी, ॲटकिन्सन, स्कॅमेल, ‘गाय’ ही ब्रिटिश ट्रक-कंपन्यांची नावे डोळ्यांदेखत नाहीशी होऊ लागली तेव्हा कालपर्यंत त्यांची फक्त छायाचित्रे काढणाऱ्यांनी भंगारवाल्यांकडून प्रत्यक्ष गाड्या विकत घ्यायला सुरुवात केली. लँकशरमधील लेलँड या गावी, जिथे त्याच नावाची कंपनी वाढली तिथे, १९८३ मध्ये व्यावसायिक वाहनांचे संग्रहालय उघडले.

ब्रिटनबाहेरची कथा मात्र महायुद्धापासून सुरू करावी लागते, कारण ट्रक पृथ्वीभर विखुरण्याचे सर्वांत मोठे काम दुसऱ्या महायुद्धानेच केले. रणगाडे वाहून नेण्यासाठी पुरेसा दणकट ओढ ट्रक ब्रिटिशांकडे पुरेशा संख्येने नसल्याने त्यांनी अमेरिकेकडे मागणी नोंदवली, आणि शिकागोच्या डायमंड टी कंपनीने ९८० आणि ९८१ हे तीन आसांचे ट्रक तयार केले. हर्क्युलिस कंपनीचे १४.७ लिटरचे डिझेल इंजिन, सुमारे २०० अश्वशक्ती, केबिनच्या मागे जाडजूड विंच आणि पुढे लांबलचक बोनेट असे त्यांचे रूप होते. असे ५,८०० हून अधिक ट्रक बनले. युद्ध संपल्यावर लष्कराने ते स्वस्तात विकून टाकले, आणि वीजकेंद्रांचे रोहित्र किंवा मोठे बॉयलर हलवणाऱ्या पिकफर्ड्स व विन यांसारख्या ब्रिटिश कंपन्यांनी पुढची अनेक वर्षे याच ट्रकांवर आपला व्यवसाय चालवला.

यांतलाच एक डायमंड टी ऑस्ट्रेलियातील ॲलिस स्प्रिंग्ज येथे कर्ट योहानसेन यांच्या हाती पडला. त्या भागात १९३४ पासून ऑस्ट्रेलियन सरकारची आठही चाकांना शक्ती मिळणारी एईसीची ‘रोड ट्रेन’, म्हणजे मागे ट्रेलरांची माळ जोडलेली गाडी, चालत होती, आणि पुढच्या गाडीच्या चाकोरीतूनच मागचे ट्रेलर वळावेत ही कल्पना तिच्यात आधीच होती. योहानसेन यांनी तीच कल्पना आपल्या ट्रेलरांमध्ये उतरवली, ट्रकचे नाव ‘बर्था’ ठेवले आणि त्यामागे अनेक ट्रेलर जोडून रेल्वे नसलेल्या मुलखातून गुरांची वाहतूक सुरू केली. आज ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात धावणाऱ्या पन्नास-पन्नास मीटर लांबीच्या रोड ट्रेन या प्रयोगाच्या वारस आहेत, आणि ॲलिस स्प्रिंग्ज येथील रस्ते वाहतुकीच्या संग्रहालयासाठी जगभरातले ट्रकप्रेमी त्या आडवाटेच्या शहरापर्यंत जातात. माझ्या मते या छंदासाठी करावयाच्या प्रवासांत हा सर्वांत मोलाचा प्रवास आहे, कारण तिथे यंत्र आणि ज्या भूमीसाठी ते घडले ती भूमी एकाच दिवशी पाहता येते.

ब्रह्मदेशात युद्धाचा हाच वारसा वेगळ्या रीतीने टिकला. कॅनडातील फोर्ड आणि जनरल मोटर्स यांच्या कारखान्यांनी दोस्त सैन्यांसाठी एकाच लष्करी आराखड्याचे चार लाखांहून अधिक ट्रक बनवले होते. बसक्या, चपट्या नाकाचे हे ट्रक ब्रह्मदेशच्या मोहिमेनंतर तिथेच राहिले. त्यानंतरची दीर्घ लष्करी राजवट आणि आयातीवरची बंधने यांमुळे नवी वाहने दुर्मीळ झाली, तेव्हा स्थानिक कारागिरांनी त्यांना जपानी डिझेल इंजिने बसवली, लाकडी हौदे आणि नवी फाळकी जोडली आणि कधी प्रवासी, तर कधी सागाचे ओंडके वाहण्यासाठी ते एकविसाव्या शतकापर्यंत वापरले. संग्रहालयातील गाडी कारखान्यातून निघाली तशी असावी असा आग्रह धरणाऱ्यांना हे बदल खटकतात. मला तो आग्रह पटत नाही, कारण सत्तर वर्षांत ट्रकवर झालेली प्रत्येक दुरुस्ती हाही त्याच्या इतिहासाचाच भाग आहे.

जर्मनीचे उदाहरण कायद्याशी निगडित आहे. पश्चिम जर्मनीचे वाहतूकमंत्री हान्स-क्रिस्टोफ सीबोम यांना मालवाहतूक रस्त्यावरून रेल्वेकडे वळवायची होती, आणि त्यांच्या पुढाकाराने १९५८ पासून ट्रक-ट्रेलर जोडीची एकूण लांबी १४ मीटर आणि वजन २४ टन इतके मर्यादित करण्यात आले. हे निर्बंध लवकरच सैल झाले, पण तोपर्यंत कारखान्यांनी लांब नाकाचे ट्रक सोडून दिले होते, कारण बोनेटने व्यापलेली प्रत्येक वीत मालाच्या हौद्यातून वजा होत होती. मर्सिडीज-बेंझने १९५९ मध्ये मधला मार्ग म्हणून अर्धे इंजिन केबिनमध्ये सरकवलेले, आखूड आणि गोलसर बोनेटचे ट्रक बाजारात आणले. युरोपात त्यांची जागा सपाट तोंडाच्या ट्रकांनी पटकन घेतली. आफ्रिका, पश्चिम आशिया आणि दक्षिण अमेरिकेत मात्र लांबीचा प्रश्नच नव्हता, आणि बोनेट उघडून उभ्याने इंजिनावर काम करता येणे, समोरून धडक बसल्यास चालकापुढे लोखंड असणे आणि खडबडीत रस्त्यावर केबिन कमी हादरणे या गोष्टी मोलाच्या होत्या. या घराण्याचे निर्यातीसाठीचे उत्पादन १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालू राहिले. ब्राझीलमध्ये साओ बर्नार्दो दो काम्पो येथील कारखान्यातून निघालेला ‘१११३’ हा ट्रक तर तिथल्या ग्रामीण रस्त्यांवर आजही नित्याचा आहे.

फ्रान्सच्या बर्लिये कंपनीची दिशा सहारा वाळवंटाने ठरवली. अल्जीरियात तेल सापडल्यावर विहिरींची अवजड सामग्री वाळूतून नेण्यासाठी कंपनीने १९५७ मध्ये ‘टी १००’ हा सुमारे पाच मीटर रुंदीचा, ६०० अश्वशक्तीचा राक्षसी ट्रक जगासमोर आणला. असे फक्त चार ट्रक बनले, त्यांतील एक अल्जीरियातील हस्सी मसऊद येथे आणि एक फ्रान्समध्ये जतन केलेला आहे. प्रत्यक्षात उपयोगी ठरला तो त्याहून कितीतरी लहान, सहाही चाकांना शक्ती मिळणारा ‘गझेल’ ट्रक. १९५९ च्या अखेरीस अशा गझेल ट्रकांचा ताफा तेनेरेचे वाळवंट ओलांडून चाडपर्यंत गेला आणि त्या मार्गावरून अवजड वाहने जाऊ शकतात हे त्याने सिद्ध केले. अल्जीयर्सजवळच्या रुईबा येथील बर्लियेचा कारखाना स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय मालकीचा झाला आणि बर्लियेच्या वंशातले ट्रक बनवत राहिला, त्यामुळे कंपनीचे नाव फ्रान्समध्ये पुसले गेल्यावरही तिचे रूप अल्जीरियाच्या रस्त्यांवर टिकले. लियोंमध्ये १९८२ पासून मारियुस बर्लिये प्रतिष्ठान या साऱ्याची कागदपत्रे आणि वाहने सांभाळत आहे.

पाकिस्तानातील रंगवलेल्या बेडफर्ड ट्रकांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून इथे एवढेच नोंदवतो की त्या नक्षीकामाखालचा ट्रक हा १९५८ मध्ये आलेला ब्रिटिश ‘टीजे’ मालिकेचा असतो, आणि कराचीत त्याची जोडणी होत असल्यामुळे त्याचे सुटे भाग गावोगावी मिळत राहिले. अमेरिकेत १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘अमेरिकन ट्रक हिस्टॉरिकल सोसायटी’मुळे मॅक, डायमंड टी, ब्रॉकवे यांसारख्या ट्रकांची मोठी वार्षिक संमेलने भरतात, आणि तिथे पाहुण्याला फार शोधाशोध करावी लागत नाही.

मराठी माणसाचा या इतिहासाशी असलेला संबंध दूरचा नाही. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे १९२८ मध्ये जोडणी कारखाना उघडला होता आणि तिथून शेव्हर्ले ट्रक बाहेर पडत. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, आणि क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्यात डॉज, डिसोटो व फार्गो या नावांचे ट्रक तयार होऊ लागले. या तीन नावांमागे जवळजवळ एकच ट्रक होता, आणि त्यात पुढे ब्रिटनच्या पर्किन्स कंपनीचे ‘पी ६’ डिझेल इंजिन बसू लागले. १९५३ मध्ये केंद्र सरकारने केवळ सुटे भाग आणून जोडणी करणाऱ्यांना दार बंद करण्याचे धोरण घेतले, तेव्हा जनरल मोटर्सने शिवडीचा कारखाना गुंडाळला आणि देशात प्रत्यक्ष उत्पादन करणाऱ्यांचा मार्ग मोकळा झाला. १९५४ मध्ये टाटांनी मर्सिडीज बनवणाऱ्या डेमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरमधून गोल बोनेटचा ‘एल ३१२’ बाहेर पडला. त्या काळात टाटांच्या या ट्रक बनवणाऱ्या कंपनीची, टेल्कोची, धुरा सुमंत मुळगावकर यांच्याकडे होती, आणि नंतर पिंपरी-चिंचवडचा कारखानाही त्यांच्याच दृष्टीतून उभा राहिला. १९६१ मध्ये पहिला ट्रक श्रीलंकेला निर्यात झाला, तर १९६९ मध्ये करार संपल्यावर जाळीवरचा मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा जाऊन तिथे टाटांचे ‘टी’ हे अक्षर आले. तिकडे चेन्नईजवळ एन्नोर येथे अशोक लेलँडने १९४७ च्या ब्रिटिश लेलँड ‘कॉमेट’ ट्रकचा भारतीय वंश दीर्घकाळ चालू ठेवला.

याचा परिणाम असा की ऊस, कांदा किंवा कोळसा वाहणारे असे ट्रक लहानपणी पाहिलेल्या मराठी प्रवाशाला अनोळखी देशात ओळखीची यंत्रे भेटतात. अर्जेंटिनात मर्सिडीजने १९५१ मध्ये जर्मनीबाहेरचा आपला पहिला कारखाना काढला, आणि तिथे बनलेला ‘एल ३५००’ हा आपल्या टाटा-मर्सिडीजचा सख्खा थोरला भाऊ शोभावा इतका सारखा आहे. इंग्लंडमधील मेळाव्यांत मूळ लेलँड कॉमेट पाहायला मिळतो, आणि अमेरिकेतील संमेलनांत चाळीस-पन्नासच्या दशकांतले डॉज ट्रक कुर्ल्याची आठवण करून देतात.

त्यांचे भारतीय भाऊबंद मात्र इथे फारसे उरलेले नाहीत. जुन्या मोटारगाड्यांच्या फेऱ्या मुंबई-पुण्यात नियमित निघतात, पण त्यांत ट्रक अपवादानेच दिसतो. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले, त्यांत दुचाकी आणि चारचाकी प्रवासी गाड्यांचा समावेश झाला, मालवाहू वाहनांचा झाला नाही. कुर्ल्यात बनलेला फार्गो किंवा ताऱ्याचे चिन्ह असलेला ‘एल ३१२’ आज कोणाच्या शेडमध्ये उभा असेल, तर वारसा वाहन म्हणून त्याची नोंदणी करण्याची सोय या नियमांत नाही. प्रवासी गाड्यांच्या व्याख्येशेजारी मालवाहू वाहनांचा एक वर्ग जोडणे हे काही अवघड काम नाही, आणि ते शिल्लक राहिलेले थोडे ट्रक भंगारात जाण्यापूर्वी व्हायला हवे.