हौसेची कुस्ती आणि पूर्णवेळ पैलवानकी : सोलापूरची पार्श्वभूमी

पत्रा तालीम, पाणीवेस तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही सोलापुरातील नावे आज प्रामुख्याने गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत, लेझीमच्या ताफ्यांसोबत कानी पडतात. तालीम म्हणजे मुळात आखाडा, आणि तेथे पोटापाण्याचा उद्योग सांभाळून जोर-बैठका मारणाऱ्यांचाच भरणा असे. 1877 साली ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी सुरू झाल्यानंतर गिरण्यांचे शहर म्हणून वाढलेल्या सोलापुरात पाळी सुटल्यावर लाल मातीत उतरणारा कामगार पैलवान म्हणवला जाई, पण कुस्ती हा त्याचा व्यवसाय नव्हता.

पूर्णवेळ पैलवान घडवायचा तर त्याचा खुराक कोणीतरी उचलावा लागतो. दूध, तूप, बदाम आणि मटण यांचा रोजचा खर्च, शिवाय दोन्ही वेळच्या मेहनतीनंतर लागणारी विश्रांती, म्हणजेच घरातील एका कमावत्या हाताची रजा, हे शेतकरी किंवा मजूर कुटुंबाला सहसा पेलत नसे. तो भार संस्थानिकांनी वाहिला. शाहू महाराजांचे कोल्हापूर त्यात अग्रभागी होते आणि 1912 मध्ये तेथे खासबाग मैदान उभे राहिले. थेट ब्रिटिश अमलाखालील सोलापूर शहराला असा राजाश्रय नव्हता, आणि येथील कुस्ती हौसेच्या अंगाने वाढली ती मुख्यतः त्यामुळेच, असे माझे मत आहे.

संस्थाने विलीन झाल्यावर हा आश्रय सर्वत्रच आटला. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांनाही प्रवासासाठी पैसे गोळा करावे लागले आणि पुढे पोलीस खात्याच्या नोकरीवर संसार चालवावा लागला. 1961 पासून महाराष्ट्र केसरीच्या किताबाने पूर्णवेळ मेहनतीला नवे लक्ष्य दिले. सोलापूर जिल्ह्यातील बोरामणीच्या एकाच शेख कुटुंबात इस्माईल, आप्पालाल आणि मुन्नालाल यांनी तो अनुक्रमे 1980, 1992 आणि 2002 मध्ये आणला, ही गोष्ट जिल्ह्यात आजही अभिमानाने सांगितली जाते.

तरीही पूर्णवेळ सरावासाठी गाव सोडण्याची रीत कायम आहे. 2023 चा महाराष्ट्र केसरी सिकंदर शेख मोहोळचा, पण तो घडला कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत. राज्य शासनाच्या नोकऱ्यांतील खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणामुळे काही पालक आता हा खर्च गुंतवणूक म्हणून करतात. ज्यांना तो झेपत नाही, त्यांची मुले शाळा-कॉलेज सांभाळून सराव करतात आणि जत्रेच्या फडात इनामाच्या कुस्त्या धरतात.