आयबी आणि रॉ: कुंपण नेमकं कुठे?

लातूरच्या अभ्यासिकांमध्ये अधूनमधून व्हॉट्सॲपवर एक जाहिरात फिरते: 'रॉमध्ये भरती, पदवी नसली तरी चालेल'. ती खोटी असते. रॉची, म्हणजे रिसर्च अँड ॲनालिसिस विंग या भारताच्या गुप्तहेर संस्थेची, अशी खुली परीक्षाच नसते. तिथे पोलीस सेवेतून आणि केंद्राच्या इतर खात्यांमधून माणसं घेतात, शिवाय तिचं स्वतःचं केडर, म्हणजे कायम अधिकाऱ्यांचा वर्ग, आहे. जाहिरात निघते ती आयबीची, म्हणजे इंटेलिजन्स ब्युरो या दुसऱ्या गुप्तवार्ता संस्थेची, गृह मंत्रालयाच्या नावाने. त्यातल्या एसीआयओ या गुप्तवार्ता अधिकाऱ्याच्या पदासाठी आपल्याकडची पोरं रात्र-रात्र जागतात. पण या दोन्हींत फरक काय, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: आयबी देशातली, रॉ देशाबाहेरची. एका मार्काच्या प्रश्नाला एवढं पुरतं. मग दोन कशाला लागल्या, एकीनेच का नाही भागलं, असं पुढे विचारलं की गाडी अडते.

आयबी वयाने पुष्कळ मोठी. लॉर्ड डफरिन व्हाइसरॉय असताना, १८८७ मध्ये, ब्रिटिशांनी सेंट्रल स्पेशल ब्रँच नावाची शाखा उघडली. काँग्रेस स्थापन होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. रयतेत कोण काय बोलतंय, कोणत्या सभेला किती गर्दी जमतेय, हे सरकारला कळवणं हे तिचं मुख्य काम. म्हणजे या यंत्रणेचे डोळे जन्मापासून आपल्याच लोकांकडे वळलेले. स्वातंत्र्यानंतर ती गृह मंत्रालयाखाली आली आणि परदेशातली माहिती काढायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं. १९५० ते १९६४ अशी चौदा वर्षं बी. एन. मलिक तिचे संचालक होते. आजच्या हिशेबाने दोन खात्यांचा कारभार तेव्हा एकाच टेबलावरून चालायचा.

तो चालेना, हे १९६२ मध्ये चीनने दाखवून दिलं. आयबीने माहितीच दिली नव्हती की दिलेली माहिती वर कुणी मनावर घेतली नाही, हा वाद अजून मिटलेला नाही. माझं मत दुसरं कारण जड असल्याचं आहे. पण पराभवानंतर असले बारकावे बघायला वेळ कुणाला? युद्ध सुरू असतानाच, नोव्हेंबर १९६२ मध्ये, तिबेटी तरुणांचं स्पेशल फ्रंटियर फोर्स उभं राहिलं. पुढच्या वर्षी विमानातून टेहळणी करणारं एव्हिएशन रिसर्च सेंटर आलं, तेही अमेरिकेच्या मदतीने. मग १९६५ चं पाकिस्तानशी युद्ध झालं आणि शत्रूच्या तयारीचा नीट अंदाज नव्हता ही तक्रार पुन्हा पुढे आली. शेवटी २१ सप्टेंबर १९६८ रोजी इंदिरा गांधींनी आयबीचा परदेशी विभाग वेगळा काढला, सुमारे अडीचशे माणसं तिकडे वळवली आणि रामेश्वर नाथ काव यांना प्रमुख नेमलं. ही रॉ. ती गृहमंत्र्यांच्या हाताखाली नाही. मंत्रिमंडळ सचिवालयात बसते, म्हणजे तिची दोरी थेट पंतप्रधानांकडे. परीक्षेत फसवतो तो मुद्दा हा, 'देशात-देशाबाहेर' नव्हे.

दोघींच्या वाढीमागे शेजारीच आहे, पण वाढ झाली ती वेगवेगळ्या तऱ्हेने. रॉचं समजायला बोअरवेलकडे बघावं. बांधाशेजारच्याने तीनशे फूट घेतलं की आपण चारशेला मशीन लावतो. त्याला पाणी लागलं का, हे नक्की माहीत नसतं. त्याने खोल घेतलं एवढीच खबर पुरे होते. परक्या देशाच्या हेरखात्याचं असंच आहे. समोरच्याची ताकद मोजता येत नाही, कारण ती लपवलेलीच असते. म्हणून ती आहे त्यापेक्षा जास्त धरायची आणि त्या हिशेबाने माणसं, पैसा, यंत्रं मागायची. ब्रिटनमध्ये १९०९ साली नेमकं हेच घडलं. जर्मन हेर सगळीकडे पसरल्याची आवई उठली, वर्तमानपत्रांनी ती फुगवली आणि सरकारने सीक्रेट सर्व्हिस ब्युरो काढला. प्रत्यक्षात तेवढे हेर तिथे नव्हतेच. पण त्या ब्युरोच्या घरच्या आणि बाहेरच्या शाखांमधून पुढे एमआय-५ आणि एमआय-६ उभ्या राहिल्या. अमेरिकेने सीआयए काढली १९४७ मध्ये. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याची जखम ताजी होती आणि सोव्हिएत रशिया समोर उभा होता.

यात एक उफराटा हिशेब आहे. एरवी एखाद्या खात्याचं काम चुकलं तर त्याचे अधिकार कापले जातात. गुप्तवार्तेत चूक झाली की खातं वाढतं. १९९९ मध्ये कारगिलच्या डोंगरांवर घुसखोर येऊन बसले आणि आपल्याला उशिरा कळलं. संरक्षणतज्ज्ञ के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, पाठोपाठ मंत्रिगटाचा अहवाल आला, आणि २००२ मध्ये सैन्याची डिफेन्स इंटेलिजन्स एजन्सी, तर २००४ मध्ये तांत्रिक माहिती गोळा करणारी एनटीआरओ सुरू झाली. कुणाचं दुकान बंद झालं नाही. टळलेला हल्ला दाखवता येत नाही आणि झालेला लपवता येत नाही. अशा धंद्यात 'आम्हाला साधनं कमी पडली' या म्हणण्याला उत्तर देणं अवघड असतं.

रॉचं अंग एकदा आकसलं, ते १९७७ मध्ये. मोरारजी देसाईंच्या सरकारने तिचा खर्च आणि पसारा कमी केला, काव बाजूला झाले. चीन-पाकिस्तान तेव्हा काही मऊ पडले नव्हते. आणीबाणीत ही यंत्रणा इंदिराबाईंच्या राजकारणासाठी वापरली गेली, असा नव्या सरकारला संशय होता. शत्रूमुळे वाढलेलं खातं घरच्या भांडणामुळे बारीक झालं.

आयबीची तऱ्हा निराळी. परका हेर भारतात येऊन बसला तर तो कुणाचा? पुष्कळ जण 'परदेशी' शब्द ऐकून रॉ म्हणतात. तो आयबीचा. परक्यांचा देशातला हात शोधणं हे तिचंच काम, त्यामुळे बाहेरचा शत्रू जेवढे हात आत घालील तेवढं तिचं काम वाढतं. आणि ते हात तिला आपल्याच वस्त्यांमध्ये, आपल्याच माणसांमध्ये शोधावे लागतात. १८८७ ची जुनी सवय इथे पुन्हा डोकावू शकते, म्हणून मला रॉपेक्षा आयबीच्या वाढीकडे जास्त बारकाईने बघावंसं वाटतं.

मे २००६ मध्ये वेरूळ परिसरात एटीएसने, म्हणजे राज्य पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकाने, शस्त्रांचा आणि आरडीएक्सचा साठा पकडला, तेव्हा हे कुंपण किती पातळ आहे ते मराठवाड्याने पाहिलं. मुख्य आरोपींपैकी एक जण बीड जिल्ह्यातला. तो निसटला आणि परदेशात पोचला. त्याच क्षणी बीडचा माणूस बाहेरच्या यंत्रणेचा विषय झाला. जून २०१२ मध्ये सौदी अरेबियातून त्याला दिल्लीत आणलं, आणि तिथे अटक केली ती दिल्ली पोलिसांनी. आयबी असो की रॉ, बेड्या घालायचा अधिकार दोघींनाही नाही. २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. एकच प्रकरण, पण आत, बाहेर आणि परत आत.

तसं पाहिलं तर १९४८ च्या उन्हाळ्यात आपला सगळा मराठवाडाच आत होता की बाहेर? निजाम भारतात यायला तयार नव्हता आणि सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून हैदराबाद संस्थानात विमानाने शस्त्रं उतरवत होता. तेव्हा रॉ नव्हती.

आता एनआयए, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणा. अभ्यासिकेत तिलाही याच टोपलीत टाकतात. ती २६/११ नंतर आली, पण ती तपास यंत्रणा आहे: गुन्हा नोंदवते, अटक करते, आरोपपत्र दाखल करते. तिच्यासाठी संसदेने २००८ मध्ये कायदा केला. आयबी आणि रॉ यांच्यासाठी असा कायदाच नाही, माहितीच्या अधिकारातूनही दोघींना मोठी सूट आहे. काँग्रेसचे खासदार मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये लोकसभेत या यंत्रणांना कायद्याच्या चौकटीत आणणारं खासगी विधेयक मांडलं होतं. ते पुढे सरकलं नाही.