शॉनी कथापरंपरा : ओहायोच्या खोऱ्यातून ओक्लाहोमापर्यंत

अमेरिकेतल्या मूलनिवासींचा निसर्गविचार म्हटलं की आपल्याकडे हमखास आठवतं ते सिएटल नावाच्या सरदाराचं ‘पत्र’. मराठीतही ते अनेक वर्षं फिरतं आहे. पण त्यातला पर्यावरणाचा गाजलेला मजकूर १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला एका गोऱ्या पटकथालेखकाने माहितीपटासाठी लिहिला होता. या सुंदर वाक्यांमागे खऱ्या परंपरा झाकल्या गेल्या, याचं मला फार वाईट वाटतं. शॉनी जमातीची परंपरा त्यांपैकीच एक. तिच्यात निसर्गाविषयीचा आदर हा उपदेश म्हणून येत नाही. कोणी काय पेरायचं, कोणी कधी शिकारीला जायचं, कोणाचे आभार मानायचे, हे सारं त्या गोष्टींनी आणि विधींनी ठरवून दिलेलं असतं.

शॉनी भाषा उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासी भाषांच्या अल्गाँक्वियन कुळातली. चिलिकॉथी, हाथावेकेला, किस्पोको, मेकोची आणि पेकोवी असे जमातीचे पाच विभाग. अठराव्या शतकात त्यांची मुख्य वस्ती ओहायो नदीच्या खोऱ्यात होती. मका, घेवडा आणि भोपळा पिकवण्याचं काम बायकांकडे, शिकार पुरुषांकडे.

त्यांच्या कथांच्या केंद्रस्थानी आहे कोकोमथेना, म्हणजे ‘आपली आजी’. नातू आणि एक छोटं कुत्रं यांच्यासोबत ती राहते आणि एक टोपली विणत बसते. ती टोपली पुरी झाली की हे जग संपणार. पण दिवसभराचं तिचं विणकाम रात्री उसवलं जातं. काहींच्या सांगण्यात ते कुत्रंच उसवतं. आजीची भाषा फक्त अगदी लहान मुलांना कळते आणि ती शॉनी बोलायला लागली की विसरतात, असंही सांगतात. जग अजून टिकून आहे ते कोणाच्या पराक्रमामुळे नाही, तर एक काम रोज अपुरं राहतं म्हणून. सृष्टीकडे असं पाहणारी कथा मला तरी दुसरीकडे सापडलेली नाही.

याच आजीने भाकरी-नृत्याचा विधी घालून दिला, अशी श्रद्धा आहे. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, हा सोहळा होतो. ठरवून दिलेले १२ पुरुष शिकार आणतात, १२ बायका मक्याच्या भाकरी करतात आणि मग दोन्ही बाजू आपापलं अन्न एकमेकांना देतात. वसंतात मान बायकांचा, कारण पेरणी तोंडावर असते. शरदात पुरुषांचा, कारण शिकारीचे दिवस येतात. वसंतात पुरुष विरुद्ध बायका असा चेंडूचा खेळही रंगतो. त्यात बायकांना चेंडू हातात घेऊन पळायची मुभा, पुरुषांनी मात्र तो पायानेच खेळायचा.

ही सगळी घडी एका विशिष्ट भूमीवर बसलेली होती आणि तीच भूमी हातातून गेली. १७९५च्या ग्रीनव्हिल तहाने आजच्या ओहायो राज्याचा बराचसा भाग अमेरिकेकडे गेला. १८०९च्या फोर्ट वेन तहात काही जमातींनी आणखी सुमारे ३० लाख एकर जमीन दिली, तेव्हा शॉनी नेता टेकुमसे अमेरिकेच्या इंडियाना प्रदेशाचा गव्हर्नर हॅरिसन याच्यासमोर उभा राहिला. जमीन सगळ्या जमातींची सामाईक आहे, एकट्या कोणाला ती विकता येणार नाही, हे त्याचं म्हणणं होतं. १८१३मध्ये तो लढाईत मारला गेला. १८३०च्या स्थलांतर कायद्यानंतर ओहायोत उरलेल्या शॉनींनाही पश्चिमेला हाकलण्यात आलं.

गोष्टी कागदावर आल्या त्याही याच धामधुमीत. १८२४मध्ये सी. सी. ट्रोब्रिज या अमेरिकनाने टेकुमसेचा भाऊ तेन्स्क्वातावा याच्याकडून परंपरा लिहून घेतल्या. त्या छापून यायला १९३९ साल उजाडलं. त्या कथनात सृष्टिकर्ता पुरुष आहे. भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्होगेलिन १९३०च्या दशकात, विस्थापनानंतर ओक्लाहोमात राहणाऱ्या शॉनींकडे गेले, तेव्हा मात्र सृष्टी आजीने घडवली असं त्यांना सांगण्यात आलं. आजी या मधल्या शतकात सर्वोच्च स्थानी पोहोचली, असा व्होगेलिन यांचा निष्कर्ष होता. ‘अनादी काळापासून जशीच्या तशी’ असं मौखिक परंपरेबद्दल सहज म्हटलं जातं. इथे ती विस्थापनाच्या काळातही बदलत, घडत होती.

पुढचा घाव शाळांचा. टेकुमसेचे पणतू थॉमस वाइल्डकॅट आल्फर्ड यांना १८७९मध्ये व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन संस्थेत पाठवताना प्रमुखांनी अट घातली होती, की गोऱ्यांची विद्या शिका, धर्म घेऊ नका. आल्फर्ड ख्रिस्ती झाले आणि परतल्यावर आपल्याच माणसांत परके ठरले. पण त्याच आल्फर्डनी पुढे शुभवर्तमानांचं शॉनी भाषांतर केलं आणि आठवणींत जुनं जगणं तपशिलाने नोंदवलं.

आज ओक्लाहोमात संघराज्याची मान्यता असलेल्या तीन शॉनी जमाती आहेत : अ‍ॅबसेंटी शॉनी, ईस्टर्न शॉनी आणि शॉनी ट्राइब. तिसरीला स्वतंत्र मान्यता मिळाली ती २०००च्या कायद्याने. त्याआधी सव्वाशेहून अधिक वर्षं तिची गणना चेरोकी या दुसऱ्या जमातीमध्ये होत होती. लहानपणापासून शॉनी बोलणारे आता मोजकेच, तेही बहुतेक वयस्कर. म्हणून आजच्या कथाकाराचं काम दुहेरी आहे. बाहेरच्यांना तो इंग्रजीतून गोष्ट सांगतो. घरच्या मुलांना मात्र त्याला आधी ती भाषा द्यावी लागते. जमातीने भाषेचे वर्ग सुरू केले आहेत आणि त्यात घरी एक शब्दही न ऐकलेली मोठी माणसंही बसतात.