हॅलोजनचे बसणे आणि उठणे

पॅरिसच्या त्विलरी राजवाड्यातल्या एका समारंभात मेणबत्त्यांच्या झोंबऱ्या धुराने पाहुणे खोकून बेजार झाले, अशी कथा सांगतात. शोध घेतला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झां-बाप्तिस्त द्युमा यांनी. मेण क्लोरीनने विरंजित केलेले होते आणि जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटत होता. कथेत तिखटमीठ असेलही. पण क्लोरीन हायड्रोजनला हटवून त्याच्याच जागी बसतो, हा द्युमांचा १८३४ च्या सुमाराचा निष्कर्ष टिकला.

तेव्हा मात्र तो अनेकांच्या पचनी पडला नाही. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांच्या मते रेणू धन आणि ऋण विद्युतभाराच्या भागांच्या ओढीने बांधलेला असतो; मग धन हायड्रोजनच्या जागी ऋण क्लोरीन कसा चालेल? द्युमांनी १८३९ मध्ये ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल पुढे केले. अ‍ॅसिटिक आम्लातले (व्हिनेगरमधले आम्ल) तीन हायड्रोजन गेले, तीन क्लोरीन आले, तरी आम्ल ते आम्लच. १८४० मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ वोलर यांनी एका विनोदी लेखात या सिद्धांताची खोड काढली: एका संयुगातला प्रत्येक अणू बदलून शेवटी निव्वळ क्लोरीन उरला, आणि लंडनमध्ये क्लोरीनचे कापडही विकायला आले आहे! लेखकाचे टोपणनाव एस. सी. एच. विंडलर, सलग वाचले की जर्मनमध्ये 'लबाड'.

हॅलोजन (क्लोरीन, आयोडीन यांच्या कुळातले मूलद्रव्य) जागा सोडतोही, याचा उपयोग लवकरच झाला. विल्यमसन यांनी १८५० मध्ये एथिल आयोडाइडपासून ईथर बनवले, तर १९०० मध्ये ग्रीन्यार यांनी कार्बन आणि हॅलोजन यांच्यामध्ये मॅग्नेशियम घुसवले. पण जागा सोडताना नेमके घडते काय?

पहिला धागा रीगामध्ये रसायनशास्त्रज्ञ वाल्डेन यांना १८९६ मध्ये सापडला. वामवलनी (ध्रुवित प्रकाशाचे प्रतल डावीकडे वळवणाऱ्या) मॅलिक आम्लातला हायड्रॉक्सिल गट काढून क्लोरीन बसवला, मग तो काढून हायड्रॉक्सिल परत आणला. हाती आले दक्षिणवलनी, म्हणजे ते प्रतल उजवीकडे वळवणारे मॅलिक आम्ल. वाटेत कुठेतरी रेणू छत्रीसारखा उलटला होता. नेमका कुठे, ते वाल्डेन यांना सांगता येईना.

उत्तर १९३५ मध्ये लंडनला ह्यूज आणि सहकाऱ्यांनी मिळवले, आणि त्या प्रयोगाची युक्ती मला फार आवडते. प्रकाशवलनी (ध्रुवित प्रकाशाचे प्रतल वळवणाऱ्या) २-आयोडोऑक्टेन या आयोडीनयुक्त संयुगामध्ये त्यांनी किरणोत्सारी आयोडाइड घातला. बाहेर पडणारा आयोडीन, आत शिरणाराही आयोडीन. रसायन तेच, फक्त खूण वेगळी. किती रेणूंनी आयोडीन बदलला हे किरणोत्सार सांगणार, किती उलटले हे प्रकाशाचे वलन. वलन अदलाबदलीच्या दुप्पट वेगाने घटत होते. उलटलेला एक रेणू न उलटलेल्या दुसऱ्याचे वलन पुसतो, म्हणून दुप्पट. म्हणजे प्रत्येक अदलाबदलीत रेणू उलटत होता: नवा आयोडीन मागच्या बाजूने येतो, तेव्हाच जुना पुढून निघतो.