ग्रेन वेगळा, नॉइज वेगळा

रोल सोडून डिजिटलवर आलेल्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी मला हेच विचारलंय, की कॅमेरा आयएसओ ३२०० वर टाकला (आयएसओ म्हणजे कमी उजेडात आपण वाढवतो तो आकडा), फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला, की ट्राय-एक्ससारखा, म्हणजे कोडॅकच्या त्या ब्लॅक अँड व्हाइट रोलसारखा, ग्रेन येतो ना? नाही येत. रोलवरचे ठिपके म्हणजे ग्रेन, डिजिटलवरचे म्हणजे नॉइज, दोन्हीकडे ठिपके दिसतात म्हणून आपण एकच समजतो, आणि मग रोलवरच्या सवयी डिजिटलवर लावून फोटो बिघडवतो. मी स्वतः वर्षभर तेच केलं.

आधी ग्रेन. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे बारीक स्फटिक असतात, ज्यांच्यावर उजेड पडला ते डेव्हलपरमध्ये काळी चांदी होतात आणि त्या चांदीचे गुच्छ आपल्याला दिसतात. म्हणजे ग्रेन हेच चित्र आहे, तो काढला तर निगेटिव्हवर काही उरतच नाही. आमच्या गिरगावातल्या चाळीत मी मोरीत रोल धुवायचो, डेव्हलपर २० डिग्रीला हवा आणि मे महिन्यात नळाचं पाणी ३० च्या आसपास, म्हणून बादलीत बर्फ टाकून बसायचं, कारण गरम पाण्यात वेळ चुकली की निगेटिव्ह जास्त डेव्हलप होऊन ग्रेन भरड यायचा. म्हणजे ग्रेन किती येणार ते निम्मं आपल्या हातात होतं.

नॉइजचं तसं नाही. पावसाचे पहिले थेंब आठवा, गच्चीच्या फरशीवर एक इथे, चार तिथे, मधेच कोरडी जागा, आणि पावसाने जोर धरला की सगळी फरशी सारखी ओली. सेन्सरवर उजेड असाच पडतो. कमी पडला की शेजारशेजारच्या पिक्सेलला कमीजास्त मिळतो, त्यात कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक्सची स्वतःची कुरकुर मिसळते, आणि आयएसओ वाढवला की हे सगळं चित्रासोबत मोठं होतं. आयएसओ हा गुन्हेगार नाही, कमी पडलेला उजेड आहे.

आता ग्रेन आणि नॉइज चित्रात कुठे बसतात ते बघा, खरी गंमत इथेच आहे. दादरच्या फूल मार्केटात पहाटे गेलात, ताडपत्रीखाली अंधार, वर एक उघडा बल्ब, टोपल्यात झेंडू. रोलवर काढलेल्या प्रिंटमध्ये ताडपत्रीखालचा काळा एकदम स्वच्छ, कारण निगेटिव्हवर तिथे चांदीच नाही, आणि ग्रेन दिसणार तो फूलवाल्या मावशींच्या गालावर, मागच्या भिंतीवर, म्हणजे मधल्या करड्या टोनमध्ये. डिजिटलवर बरोबर उलटं, गाल गुळगुळीत आणि ताडपत्रीखाली नॉइजचे किडे. सॉफ्टवेअरमध्ये शॅडोचा, म्हणजे काळोखा भाग उजळायचा, स्लायडर वर ओढला की ते किडे जागे होतात आणि कधीकधी आडव्या पट्ट्याही येतात, ज्या ग्रेनमध्ये कधीच येत नाहीत. त्यामुळे तो काळा काळाच राहू द्या, प्लीज.

एक्स्पोजरचंही तसंच उलटं. रोलवर उजेड जास्त दिला तर निगेटिव्ह दाट होते, ग्रेन थोडा वाढतो, पण त्या बल्बभोवतीचा उजेड बराच वाचतो. डिजिटलवर उजेड जास्त दिला की नॉइज कमी होतो, पण हायलाइट, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, एकदा पांढराफटक उडाला की उडाला, रॉमध्येही (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येही) परत येत नाही. म्हणून रोलवर मी शॅडो बघून मोजायचो आणि आता हायलाइट उडणार नाही इतपत जास्तीत जास्त उजेड देतो. ही सवय मोडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आकाशाचा घोळ तर फार जण करतात. मरीन ड्राइव्हवर ऑक्टोबरमधलं निळं आकाश काळं करायला आपण रोलच्या जमान्यात लाल फिल्टर लावायचो, साधारण तीन स्टॉप उजेड जायचा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) पण आकाश छान यायचं. तोच फिल्टर डिजिटलवर लावू नका. नेहमीच्या सेन्सरवर बहुतेक वेळा चारातल्या दोन पिक्सेलवर हिरवा, एकावर निळा आणि एकावरच लाल फिल्टर असतो, लेन्सवर लाल लावला की काम करणारा जवळजवळ तो एकच. रंगीत रॉ काढा आणि ब्लॅक अँड व्हाइटमध्ये कन्व्हर्ट करताना निळा खाली घ्या, पण हळूहळू, कारण फार खेचला की निळ्या चॅनलचा नॉइज आकाशभर पसरतो आणि लोक त्यालाच ग्रेन समजून खूश होतात. (लायकाने २०१२ मध्ये मोनोक्रोम हा फक्त ब्लॅक अँड व्हाइट काढणारा कॅमेरा आणला त्यात सेन्सरवर हे रंगीत फिल्टर नाहीतच, त्याच्यावर लेन्सचा फिल्टर रोलसारखाच चालतो. किमतीचं बोलायला नको.)

रंगीत नॉइज, म्हणजे लाल-हिरवे-निळे ठिपके, आहे तो कन्व्हर्ट करायच्या आधी काढा, नंतर तो करडे डाग होऊन बसतो. सॉफ्टवेअरमधला ग्रेन मी घालतो, अगदी शेवटी आणि थोडाच, मुख्यतः गुळगुळीत आकाशात टोनच्या पायऱ्या दिसू नयेत म्हणून. आणि किती घातला ते स्क्रीनवर १०० टक्के झूम करून ठरवू नका, ज्या साइजचा प्रिंट काढायचाय त्या साइजचा एक तुकडा छापून हातभर अंतरावरून बघा.