प्रणालीविचार : अभियांत्रिकी शिक्षणातील अध्यापन आणि मूल्यमापन

एखाद्या यंत्रणेचे वर्तन सुट्या भागांच्या गुणधर्मांवरून न ठरवता भागांमधले परस्परसंबंध, फीडबॅक (परिणाम फिरून मूळ कारणावरच होणे), विलंब आणि यंत्रणेच्या सीमा यांवरून समजून घेण्याची क्षमता म्हणजे प्रणालीविचार. अभियांत्रिकीचा विद्यार्थी पहिल्या वर्षापासून तुळई, पंप किंवा सर्किट भोवतालापासून वेगळे काढून सोडवायला शिकतो. ती सवय गरजेचीच आहे. प्रणालीविचार तिची जागा घेत नाही, तिला जोड देतो. या अध्यापनाची एक मोठी परंपरा जे फॉरेस्टर यांनी १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात उभ्या केलेल्या सिस्टिम डायनॅमिक्समधून, म्हणजे यंत्रणा काळानुसार कशी बदलते याच्या अभ्यासातून, आली. एमआयटी आणि तीन स्वीडिश विद्यापीठांनी २००० साली सुरू केलेल्या सीडीआयओ या अभियांत्रिकी शिक्षणसुधारणेच्या उपक्रमाने अभियंत्याच्या अपेक्षित क्षमतांच्या यादीत प्रणालीविचाराला स्वतंत्र उपविभाग दिला.

सुरुवात बहुधा कारण-परिणाम आकृत्यांनी होते आणि तिथेच घोटाळा होतो. बाण काढणे आणि वलयांना, म्हणजे फिरून सुरुवातीला येणाऱ्या कारणसाखळ्यांना, ‘वर्धक’ (बदल वाढवणारे) किंवा ‘संतुलक’ (बदल रोखणारे) अशी नावे देणे विद्यार्थ्यांना लवकर जमते. साठा (एखाद्या क्षणी जमलेले प्रमाण) आणि प्रवाह (त्यात भर किंवा घट होण्याचा वेग) यांतला फरक मात्र कच्चा राहतो. म्हणून आधी पाण्याच्या टाकीचे साधे उदाहरण द्यावे. टाकीत १०० लिटर पाणी आहे. दर मिनिटाला ५० लिटर बाहेर जाते. आत येणारे पाणी पहिली चार मिनिटे मिनिटाला ७५ लिटर, पुढची चार मिनिटे २५ लिटर, असे आलटून पालटून बदलते. पाण्याच्या साठ्याचा आलेख हाताने काढायचा. बरोबर आलेख सरळ तिरप्या रेषांचा असतो : चौथ्या मिनिटाला २०० लिटर, आठव्याला पुन्हा १००. नेहमीची चूक म्हणजे आवक जशी पायऱ्यापायऱ्यांनी बदलते तसाच पायऱ्यांचा आलेख साठ्यासाठीही काढणे. अवकलन-समाकलन शिकलेलेही ही चूक करतात.

लिंडा बूथ स्वीनी आणि जॉन स्टर्मन या संशोधकांनी २००० साली अशा प्रश्नांचा संच प्रसिद्ध केला. त्याच धर्तीच्या एका प्रश्नात दुकानात दर मिनिटाला शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या माणसांचा आलेख देतात. सर्वांत जास्त माणसे कधी शिरली, हे जवळजवळ सर्वांना सांगता येते. दुकानात सर्वांत जास्त माणसे कधी होती, याचे बरोबर उत्तर एमआयटीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांमध्येही निम्म्याहून कमी जणांनी दिले. दोन वक्र जिथे छेदतात तिथे उत्तर असते. पुष्कळजण दोन वक्रांमधले अंतर सर्वाधिक आहे तो क्षण निवडतात.

विलंबाचा परिणाम शिकवायला ‘बिअर गेम’ हा मालाच्या पुरवठासाखळीचा खेळ वापरतात. किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना अशा चार जागा. मागणी वर पोचायला आणि माल खाली यायला साधारण दोन-दोन आठवडे. शिल्लक मालाच्या प्रत्येक पेटीला आठवड्याला अर्धा डॉलर आणि थकीत मागणीला एक डॉलर खर्च. ग्राहकाची मागणी सुरुवातीला ४ पेट्या असते, पाचव्या आठवड्यात ८ होते आणि तिथेच स्थिर राहते. तरीही कारखान्याकडच्या मागणीत मोठ्या लाटा उठतात, कारण आधीच मागवलेला पण वाटेत असलेला माल खेळाडू हिशेबात धरत नाहीत. खेळ संपल्यावर आकडे उघड करण्याआधी प्रत्येकाकडून ग्राहकाच्या मागणीचा अंदाजी आलेख काढून घ्यावा. बहुतेकजण चढउतार काढतात. हा टप्पा गाळला तर खेळ करमणूक म्हणूनच लक्षात राहतो. खेळाडू एकमेकांशी बोलले किंवा ग्राहकाची मागणी आधीच फुटली, तरी सगळे फुकट जाते.

यंत्रणेची सीमा कुठे आखायची, हे शिकवायला लंडनचा मिलेनियम पूल चांगला. १० जून २००० रोजी खुला झालेला हा पादचारी पूल आडवा डोलू लागला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. पूल हलला की चालणारे तोल सावरण्यासाठी पावले त्या हालचालीशी जुळवतात आणि हालचाल वाढवतात. पादचाऱ्यांना बाहेरून येणारा भार मानले की हे वलय दिसतच नाही. डॅम्पर (कंपने शोषणारी उपकरणे) बसवून पूल २००२ मध्ये पुन्हा सुरू झाला. वर्गात पूल आणि माणसे यांची एकत्रित आकृती आधी काढून घ्यावी. पूल का डोलला, हे नंतर सांगावे.

मूल्यमापन हा जास्त अवघड भाग. ‘मी समग्र विचार करतो’ अशा विधानांना सहमती नोंदवणाऱ्या प्रश्नावल्या क्षमता मोजत नाहीत. त्या आत्मविश्वास मोजतात. संकल्पना नकाशे, म्हणजे संकल्पना नाव दिलेल्या बाणांनी जोडणाऱ्या आकृत्या, अधिक उपयोगी, पण गुण कसे देता यावर सारे अवलंबून असते. हे नकाशे विकसित करणाऱ्या जोसेफ नोव्हाक यांच्या परंपरेतल्या प्रचलित पद्धतीत योग्य विधानाला १, श्रेणीच्या प्रत्येक पातळीला ५ आणि दोन शाखांना जोडणाऱ्या दुव्याला १० गुण मिळतात. हे विद्यार्थ्यांना कळले की ते नकाशाभर आडवेतिडवे दुवे ओढतात. ज्या बाणावर क्रियापद नाही किंवा ज्याची दिशा समजावता येत नाही, त्याला शून्य द्यावे.

तिसरा मार्ग प्रसंगाधारित प्रश्नांचा. एका गुंतागुंतीच्या तांत्रिक-सामाजिक समस्येचे पानभर वर्णन द्यायचे आणि विचारायचे : समस्या कोणती, आणखी कोणती माहिती लागेल, कोणाकोणाचा संबंध येतो, तुमच्या उपायाचे अनपेक्षित परिणाम कोणते? प्रत्येक निकषाला ० ते ३ गुण पुरतात. दहा पातळ्या केल्या तर परीक्षकांचे एकमत होत नाही. ‘अनपेक्षित परिणाम’ या निकषाचे वर्णन असे असू शकते : परिणामाचा उल्लेखच नाही तर ०, परिणाम सांगितला, कारण नाही तर १, कारणसाखळी आहे तर २, ती साखळी मूळ समस्येवर कशी उलटते हे दाखवले तर ३. लांब उत्तराला नकळत जास्त गुण जातात, म्हणून शब्दमर्यादा घालावी.

दोन परीक्षकांनी २०-२५ उत्तरे चर्चा न करता स्वतंत्र तपासावीत आणि भारित कोहेन कप्पा काढावा. हा आकडा परीक्षकांचे एकमत मोजतो आणि मोठ्या मतभेदाला जास्त वजन देतो. पातळ्यांना क्रम असल्याने साधा कप्पा इथे अपुरा पडतो : ० आणि १ मधला मतभेद आणि ० आणि ३ मधला मतभेद तो सारखाच धरतो. कप्पा ०.६ च्या खाली असेल तर आधी निकषांची भाषा सुधारावी, मगच उरलेली उत्तरे तपासावीत. सत्राच्या सुरुवातीची आणि शेवटची चाचणी एकाच रचनेची पण वेगळ्या संदर्भाची हवी. टाकीऐवजी कर्ज किंवा गोदाम. तोच प्रश्न पुन्हा दिला तर मोजली जाते ती आठवण.

शेवटच्या वर्षाच्या गटप्रकल्पाचा अहवाल वैयक्तिक क्षमतेचा पुरावा म्हणून कच्चा, कारण प्रणालीची आकृती बहुधा एकाच विद्यार्थ्याने काढलेली असते. त्याऐवजी प्रत्येकाला दहा मिनिटे तोंडी विचारावे, गटाचीच आकृती समोर ठेवून : या सेन्सरचा विलंब दुप्पट झाला तर कुठली वलये अस्थिर होतील, आणि तुम्ही सीमेबाहेर ठेवलेली कोणती गोष्ट आत घ्यावी लागेल?