मालकी निम्मी-निम्मी, बिल एकाचंच

१४ जानेवारी २०२३ रोजी बांगलादेशातलं रामपालचं औष्णिक वीज केंद्र बंद पडलं. बॉयलर ठणठणीत होता, टर्बाइनला काही झालं नव्हतं. पहिला संच व्यापारी तत्त्वावर सुरू होऊन जेमतेम महिना होत होता. संपला होता कोळसा. आणि तो संपण्याचं कारण खाणीत किंवा समुद्रात नव्हतं, बँकेत होतं. कोळसा इंडोनेशियाचा, किंमत डॉलरमध्ये, आणि देशाच्या परकीय चलनाच्या गंगाजळीला ओहोटी लागलेली. बँका कोळशासाठी एलसी, म्हणजे विक्रेत्याला पैशाची हमी देणारं पतपत्र, उघडू शकत नव्हत्या. एलसी नाही म्हणून जहाज नाही, आणि जहाज नाही म्हणून वाफ नाही. केंद्र पुन्हा सुरू व्हायला महिना गेला आणि पुढच्या काही महिन्यांत तेच दुखणं परत उपटलं.

या केंद्राचं अधिकृत नाव ‘मैत्री’. भारत सरकारची वीजनिर्मिती कंपनी एनटीपीसी आणि बांगलादेशचं विद्युत विकास मंडळ यांची त्यात पन्नास-पन्नास टक्के मालकी आहे. जानेवारी २०१० मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीला आल्या तेव्हा वीज क्षेत्रातल्या सहकार्याचं ठरलं, जानेवारी २०१२ मध्ये भागीदारीचा करार झाला आणि त्याच वर्षी संयुक्त कंपनी स्थापन झाली. जागा बागेरहाट जिल्ह्यातली, पशुर नदीच्या काठची, सुंदरबनच्या सीमेपासून अवघ्या १४ किलोमीटरवर. क्षमता १३२० मेगावॅट, म्हणजे ६६० मेगावॅटचे दोन संच. आपल्याकडे सोलापूरजवळ एनटीपीसीचं केंद्र आहे, तेही नेमकं २ × ६६०. यंत्रांच्या आकारात दोन्ही जुळी भावंडं शोभतील. फरक पडतो तो कोळसा कुठून येतो आणि त्याचे पैसे कोणत्या चलनात मोजावे लागतात, इथे.

आधी यंत्राबद्दल थोडं. चहाचं आधण ठेवलं की बुडबुडे येतात, कारण पाणी आणि वाफ या दोन वेगळ्या अवस्था असतात. दाब वाढवत नेला तर उकळण्याचं तापमानही वाढत जातं. पण २२१ बार दाब आणि ३७४ अंश सेल्सिअस ओलांडलं की गंमत होते: पाणी कुठे संपलं आणि वाफ कुठे सुरू झाली हे सांगताच येत नाही. बुडबुडे नाहीत, उकळणं नाही, एकच एक प्रवाही पदार्थ तापत जातो. या टप्प्याच्या वर चालणाऱ्या बॉयलरला सुपरक्रिटिकल म्हणतात. ६६० मेगावॅटच्या संचांत दाब साधारण २५० बारच्या आसपास असतो, म्हणजे हवेच्या दाबाच्या अडीचशे पट.

एवढी उठाठेव कशासाठी? उष्णता जितक्या वरच्या तापमानाला वाफेत शिरते, तितका तिचा मोठा हिस्सा टर्बाइन फिरवायला मिळतो. जुन्या धाटणीच्या चांगल्या संचाची कार्यक्षमता ३८ टक्के धरली आणि सुपरक्रिटिकलची ४०, तर फरक दोनच टक्क्यांचा दिसतो. पण तेवढ्याच विजेसाठी कोळसा ५ टक्के कमी लागतो. रामपालचे दोन्ही संच पूर्ण जोरात चालले तर दिवसाला सुमारे १२ हजार टन कोळसा खातात, तेव्हा त्यातले ५ टक्के म्हणजे रोजचे सहाशे टन. डॉलर मोजून आणलेले सहाशे टन.

आता पैसा. वीज केंद्र उभारायला सगळी रक्कम मालक खिशातून घालत नाहीत. रामपालचं ठरलेलं सूत्र ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के भागभांडवल असं होतं, म्हणजे दोन्ही मालकांनी १५-१५ टक्के घालायचे. कर्ज दिलं भारताच्या एक्झिम बँकेनं, जिचं मुख्यालय मुंबईत कफ परेडला आहे. रक्कम १६० कोटी डॉलर. केंद्र उभारण्याचं कंत्राट जुलै २०१६ मध्ये भेल या भारत सरकारच्या कंपनीला मिळालं, ते सुमारे १४९ कोटी डॉलरचं. म्हणजे मुंबईहून निघालेलं कर्ज ढाक्याच्या हिशेबवहीत नोंदलं गेलं आणि त्यातला मोठा भाग यंत्रांच्या किमतीपोटी भारतातच परत आला. यात गैर काही नाही. निर्यातीला हातभार लावण्यासाठीच अशा बँका असतात. जपान, चीन आणि कोरिया हेच करत आले. फक्त ‘भारतानं बांगलादेशला वीज केंद्र दिलं’ असं कुणी म्हणालं, की मला हा परतीचा प्रवास आठवतो.

या कर्जाला हमी आहे बांगलादेश सरकारची. तयार होणारी सगळी वीज २५ वर्षं विकत घेण्याचा करार आहे तोही तिथल्या विद्युत विकास मंडळाशी. म्हणजे हे मंडळ एकीकडे निम्मं मालक आणि दुसरीकडे एकमेव गिऱ्हाईक. दुकानात अर्धी भागी आहे, पण माल घ्यायला येणारा दुसरा कुणीच नाही आणि दुकानाच्या कर्जावर सही घरच्या वडीलधाऱ्याची आहे. नफा निघाला तर तो निम्मा-निम्मा. गिऱ्हाइकाकडे पैसे नसले तर मात्र भार एकाच बाजूला कलतो. एनटीपीसीचंही भांडवल अडकतं, हे मान्य. पण ढाक्यातल्या मंडळाला भांडवल, बिल आणि सरकारची हमी अशा तिन्ही बाजूंनी झळ लागते.

ही झळ केवढी, ते बिलाच्या रचनेवरून कळतं. विजेच्या दराचे दोन भाग असतात. एक स्थिर आकार, ज्यातून कर्जाचा हप्ता, भांडवलावरचा परतावा आणि देखभाल भागते. दुसरा इंधनाचा आकार. केंद्र वीज द्यायला तयार असलं की स्थिर आकार द्यावाच लागतो, मग तुम्ही वीज घ्या अथवा नका घेऊ. इंधनाचा खर्च कोळशाचा भाव असेल तसा खरेदीदाराच्या बिलात उतरतो.

कागद-पेन्सिल घेऊन बसू. १६० कोटी डॉलरचं कर्ज, व्याज ५ टक्के, मुदत २० वर्षं (व्याज आणि मुदत मी हिशेबापुरती धरली आहे) असं घेतलं तर वर्षाला सुमारे १२.८ कोटी डॉलरचा हप्ता येतो. केंद्र ८० टक्के क्षमतेनं चाललं तर वर्षाला ९२५ कोटी युनिट वीज तयार होते आणि हप्त्याचा भार युनिटमागे १.४ सेंट पडतो. तेच ४० टक्के चाललं तर २.८ सेंट. आणि अजिबात चाललं नाही, तरी बँकेला १२.८ कोटी डॉलर हवेच असतात. आता कोळसा: एका युनिटला साधारण चारशे ग्रॅम लागतो. टनाला १०० डॉलर भाव असेल तर युनिटमागे ४ सेंट, २०० असेल तर ८. कर्जाचा हप्ता निदान आधी माहीत तरी असतो. कोळशाच्या भावाला लगाम नाही. युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यूकॅसल बंदरातल्या कोळशाचा भाव टनाला ४०० डॉलरच्या वर गेला होता. रामपालचा पहिला संच सुरू झाला तो नेमका त्याच वर्षाच्या डिसेंबरात.

त्याआधी वीज सुरू व्हायची होती, ती लांबत गेली. बांधकाम लांबलं की कर्ज मात्र झोपत नाही. उचललेल्या रकमेवर व्याज चढतं, आणि वीज विकली जात नसल्यामुळे ते प्रकल्पाच्या किमतीतच मिसळतं. घर बांधताना गृहकर्जाचे हप्ते आणि भाड्याच्या खोलीचं भाडं दोन्ही भरलेल्यांना हे वेगळं समजवायला नको.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाचकांना एव्हाना दाभोळ आठवलं असेल. एन्रॉनच्या त्या प्रकल्पाचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. इंधन नाफ्था, दर डॉलरशी बांधलेला, खरेदीदार एकच, महाराष्ट्र राज्य वीज मंडळ. याच मंडळाकडे फेरवाटाघाटींनंतर दाभोळ कंपनीचे १५ टक्के समभागही होते. मालक आणि गिऱ्हाईक अशा दोन्ही खुर्च्यांवर तेव्हा आपणही बसलो होतो. नाफ्था महागला, रुपया घसरला, मंडळ वीज कमी उचलू लागलं. कमी उचलल्यामुळे स्थिर आकार थोड्या युनिटांवर पसरून दर आणखी चढला. मे २००१ मध्ये मंडळानं खरेदी थांबवली. पुढे बंद पडलेलं ते केंद्र चालवायला नवी कंपनी काढली गेली आणि तिच्या भागीदारांत एनटीपीसीही होती. म्हणजे डॉलरमधल्या इंधनाची गोष्ट कुठवर जाते, हे एनटीपीसीनं गुहागर तालुक्यात जवळून पाहिलेलं आहे.

संयुक्त मालकी हीच मुळात वाईट असं यातून निघत नाही. हरियाणात झज्जरला एनटीपीसी, हरियाणा आणि दिल्ली यांचं सामाईक १५०० मेगावॅटचं केंद्र आहे. तिथे मालकी असलेली दोन्ही राज्यं वीज घेतात, कोळसा देशातला आणि पैसा रुपयात. एकट्यानं न पेलणारं यंत्र चौघांनी मिळून घ्यायचं, ही कल्पना ऊस गाळणाऱ्या गावांना नवी नाही.

रामपालच्या कोळशाचा रस्ताही महागात पडतो. पशुर नदी गाळानं उथळ. मोठं जहाज केंद्रापर्यंत येत नाही. कोळसा वाटेत छोट्या जहाजांत उतरवून आणावा लागतो. ५५ हजार टनांचं एक जहाज म्हणजे दोन्ही संचांची साडेचार दिवसांची शिदोरी. ही सगळी वर्दळ सुंदरबनच्या पाण्यातून होते. डिसेंबर २०१४ मध्ये तिथल्याच शेला नदीत एक टँकर बुडून सुमारे साडेतीन लाख लिटर फर्नेस ऑइल कांदळवनात पसरलं होतं. त्याचा रामपालशी संबंध नव्हता, पण त्या अरुंद पाण्यात काय होऊ शकतं ते सगळ्यांनी पाहिलं. युनेस्कोच्या पथकानं २०१६ मध्ये केंद्र रद्द करून दुसरीकडे हलवण्याची शिफारस केली. नॉर्वेच्या सरकारी निधीनं २०१७ मध्ये याच प्रकल्पामुळे भेलचे समभाग वर्ज्य केले.

प्रकल्पाच्या बाजूनं उत्तर आलं ते यंत्रांचं. २७५ मीटर उंचीची चिमणी, राख पकडणारे विद्युत सापळे आणि धूर धुणारी यंत्रणा. या धुलाईत चुनखडीच्या पाण्याचा फवारा धुरातल्या सल्फर डायऑक्साइडशी संयोग पावतो आणि जिप्सम तयार होतं, तेच जे सिमेंटमध्ये आणि भिंतींच्या बोर्डांत वापरतात. हे रसायनशास्त्र खरं आहे आणि नीट चालवलं तर बहुतेक गंधक धुरातून निघतं. कार्बन डायऑक्साइडला मात्र हा फवारा हातही लावत नाही, आणि तो एका युनिटमागे साधारण ८५० ग्रॅम बाहेर पडतो. उंच चिमणीबद्दल तर मला नेहमी वाटतं की ती धूर कमी करत नाही, फक्त लांब नेऊन टाकते.

दुसऱ्या संचाचं उद्घाटन नरेंद्र मोदी आणि शेख हसीना यांनी १ नोव्हेंबर २०२३ रोजी दूरदृश्य प्रणालीवरून केलं. तोवर टका, म्हणजे बांगलादेशचं चलन, बराच घसरला होता. २०२२ च्या सुरुवातीला एका डॉलरला सुमारे ८६ टके पडत. २०२४ च्या अखेरीस १२० च्या आसपास. आपला मघाचा कागदावरचा हप्ता घ्या, १२.८ कोटी डॉलरचा. ८६ च्या भावानं तो वर्षाला ११०० कोटी टके होतो आणि १२० च्या भावानं १५३६ कोटी. वरचे ४३६ कोटी टके मोजून एक युनिटही जास्त वीज मिळत नाही.